मिनी ट्रॅक्टरचं तापलेलं इंजिन: हेडकाम करून देणाऱ्या चार ठिकाणांची पारख

द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर तापतो तो बहुतेक वेळा फवारणीत. पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्यावर) फवारणीचा ब्लोअर, इंजिन पूर्ण आरपीएमला, चाल मात्र माणसाच्या पावलाची, आणि रेडिएटरच्या जाळीवर पानं, गंधकाची भुकटी आणि औषधाच्या तुषारांनी चिकटलेली धूळ. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो, वाफ निघते, इंजिन जड होतं. पुढे तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर नेला की तो उघडायच्या आधीच निदान तयार असतं: "हेड गॅस्केट गेलं."

गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं असतंही. पण ते तापल्यामुळे गेलं. तापलं कशामुळे, हे शोधल्याशिवाय नवं गॅस्केट टाकणं म्हणजे तेच बिल पुढच्या हंगामात पुन्हा भरणं. या कामाची सेवा विकत घेताना हीच एक कसोटी लावावी: समोरचा माणूस कारण शोधतो का, आणि शोधताना मोजमाप करतो का. निफाड-दिंडोरी, तासगाव-मिरज, सांगोला-पंढरपूर अशा बागायती पट्ट्यांत हे काम चार प्रकारच्या ठिकाणी विभागून होतं: गावातलं गॅरेज, रेडिएटरवाला, लेथ आणि बोअरिंग मशीन असलेलं इंजिनिअरिंग वर्क्स आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर. या चारही ठिकाणी काय चांगलं मिळतं, कुठे फसगत होते, ते पुढे आहे.

ट्रॅक्टर कोणते, तेही सांगायला हवं. महिंद्रा युवराज २१५ सारखा एका सिलिंडरचा १५ एचपी, शक्ती एमटी १८० डी सारखा तीन सिलिंडरचा १८.५ एचपी, कुबोटा बी २४४१ सारखा तीन सिलिंडरचा २४ एचपी. सगळी इंजिनं डिझेलची, पाण्यावर थंड होणारी. मोठ्या ट्रॅक्टरच्या मानानं यांत पाणी थोडं आणि रेडिएटर लहान. त्यामुळे अर्धा-एक लिटर पाणी कमी झालं तरी तापमान झपाट्यानं चढतं आणि चालकाला सावरायला वेळ मिळत नाही.

शेतातली पहिली दहा मिनिटं

वर्कशॉपचं बिल किती होणार, हे बरंचसं शेतातच ठरतं. काटा चढला की आधी पीटीओ सोडायचा. पट्टा शाबूत असेल आणि पाणी बाहेर पडलं नसेल, तर इंजिन दोन-तीन मिनिटं कमी आरपीएमवर चालू ठेवायचं, म्हणजे फिरत्या पाण्याबरोबर हेडमध्ये साठलेली उष्णता निघून जाते. पट्टा तुटला असेल किंवा पाणी फेकलं असेल, तर तिथल्या तिथे बंद.

काट्यावर पूर्ण विसंबू नका. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सरला पाणी लागतच नाही आणि काटा चक्क खाली येतो. "काटा तर नॉर्मलला होता" असं चालक सांगतो आणि हेडला तडा निघतो, त्यातली बरीच प्रकरणं अशी असतात.

रेडिएटरचं झाकण दाबाचं असतं. ०.९ बारच्या झाकणाखाली पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि १०५ अंशांचं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांमधली अरुंद पट्टी तडकते. इथेच गॅस्केटच्या कामाचं नव्या हेडचं काम होतं.

इंजिन थंड झाल्यावर घाईनं स्टार्टर मारायचा मोहही आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर ते दाबलं जात नाही; पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल काढून फ्लायव्हील हातानं दोन फेरे फिरवावं. नोझलच्या भोकातून पाणी आलं तर ट्रॅक्टर ट्रॉलीत घालूनच न्यावा.

गावातलं गॅरेज

जमेची बाजू मोठी आहे. मेकॅनिक बांधावर येतो, हंगामात रात्रीही काम करतो, मजुरी परवडते. मिनी ट्रॅक्टरचं हेड एकट्या माणसाला उचलता येतं, म्हणून उघडणं आणि जोडणं इथे करून घ्यायला हरकत नाही. प्रश्न निदानाचा आणि हत्यारांचा आहे.

चांगला मेकॅनिक पाना हातात घ्यायच्या आधी पाच गोष्टी बघतो. डिपस्टिकवरचं ऑइल: दुधाच्या चहासारखा रंग असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. थंड इंजिन झाकण काढून चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येत असतील तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. थंड इंजिन चालू करून मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होत असेल तरी अर्थ तोच, कारण पाणी अजून तापलेलंच नाही, दाब वायूचा आहे. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकत असेल तर पंपाचं सील गेलंय. आणि सायलेन्सरचा पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय.

इथे एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच गॅरेजमध्ये निसटतो. ऑइल दुधाळ आहे, पण रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, अशी जोडी दिसली तर संशय गॅस्केटवर कमी आणि लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या) खालच्या रबरी रिंगांवर जास्त घ्यावा. ज्या इंजिनात लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळतं, तिथे तापल्यावर या रिंगा कडक होऊन भेगाळतात. ऑइल सोडून संप (तळाचं ऑइलचं भांडं) उतरवायचा, रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा टेस्टर लावून पाण्याला झाकणावर लिहिलेला दाब द्यायचा आणि खालून बॅटरी मारून बघायचं. लायनरच्या बुडाशी थेंब दिसला की निकाल लागला. हा तपास न करता हेड उघडलं, तर गॅस्केट बदलूनही आठ दिवसांत ऑइल पुन्हा पांढरं होतं.

गॅरेजमधल्या तीन सवयी मात्र ठामपणे नाकाराव्यात.

पहिली, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेकणं. "आपल्याकडे उन्हाळा, याची गरज नाही," हे ऐकायला पटतं, पण चूक आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा येतं, डिझेल नीट जळत नाही, रिंगा आणि लायनर लवकर झिजतात. शिवाय ज्या इंजिनात थर्मोस्टॅटच्या जागीच बायपासची वाट उघडी-बंद होते, तिथे तो काढला की पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतो आणि ओझ्याखाली इंजिन उलट जास्त तापतं. तपासणी सोपी आहे: पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर आणि दोऱ्यानं लटकवलेला थर्मोस्टॅट. त्याच्यावर ७१, ७६ किंवा ८२ असा आकडा कोरलेला असतो; त्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर त्याच आकड्याचा नवा.

दुसरी, हेड गरम असतानाच खोलणं. ओतीव हेड गरम असताना एका बाजूचे नट पूर्ण सोडले तर ते तिकडे उचकतं आणि वाकतं. इंजिन हाताला पूर्ण थंड लागल्यावर, कसण्याच्या उलट क्रमानं, प्रत्येक नट आधी पाव फेरा, मग अर्धा, असं सोडायचं.

तिसरी, जुनं गॅस्केट ग्राइंडरच्या चकतीनं घासून काढणं. चकती ब्लॉकच्या पृष्ठावर खळगे पाडते आणि तिची भुकटी ऑइलमध्ये उतरून बेअरिंगं खाते. चपट्या पात्यानं, डिझेल लावून, हळू खरवडायचं. ब्लॉकमधली पाण्याची आणि ऑइलची भोकं चिंध्यांनी बुजवून.

रेडिएटरवाला

चौघांत सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात आधी गाठावा असा हा माणूस. हेड इंजिनिअरिंग वर्क्सला जातं त्याच दिवशी रेडिएटर याच्याकडे गेला पाहिजे.

आधी झाकण. स्प्रिंग ढिली किंवा रबर चिरलेलं झाकण दाब धरत नाही आणि पाणी शंभर अंशांच्या आतच उकळायला लागतं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं, हेही धरा. झाकण टेस्टरवर लावून ते कितीला सुटतं हे बघायला दोन मिनिटं लागतात. बदलताना त्यावर लिहिलेलाच दाब घ्यायचा. जास्त दाबाचं झाकण बसवलं तर होज आणि कोअर (रेडिएटरच्या नळ्यांचा गाभा) फुटते.

मग आतला क्षार. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायची सवय आहे. ते उकळून उकळून कॅल्शियमचा पांढरा थर नळ्यांत आणि, त्याहून वाईट, हेडच्या पाण्याच्या वाटांत बसतो. हा थर उष्णता ओतीव लोखंडाच्या मानानं वीसेक पटींनी कमी वाहतो. पाणी ८५ अंशांवर दिसत असताना थरामागचं लोखंड कितीतरी जास्त तापलेलं असतं, आणि हे काटा दाखवत नाही.

तांबे-पितळेची कोअर असेल तर रेडिएटरवाला वरची-खालची टाकी झाळ सोडवून उघडतो, नळ्यांतून पातळ सळई मारतो आणि पुन्हा झाळून देतो. हे काम चांगलं होतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. अ‍ॅल्युमिनियमची कोअर आणि प्लॅस्टिकची टाकी असेल तर हा उपाय चालत नाही. टाकीच्या कडा एकदा उघडून पुन्हा मुडपल्या की गळतात, आणि गळती बुजवायला लावलेलं इपॉक्सी उष्णतेनं सुटतं. तिथे नवी कोअर घ्यावी. रेडिएटर परत घेताना तो एक बारच्या आसपास हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवलेला स्वतः बघा. आणि खालचं तोंड हातानं बंद करून रेडिएटर भरा, हात काढा: पाणी एका झोतात कोसळलं पाहिजे. रेंगाळत उतरलं तर नळ्या अजून बंद आहेत.

ब्लॉक आणि हेडमधला क्षार काढायला काही जण मीठाचं आम्ल वापरतात. ते अ‍ॅल्युमिनियमच्या पंपाला आणि थर्मोस्टॅटच्या घराला खातं. सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात विरघळवून भरावं, इंजिन तासभर कमी आरपीएमवर चालवावं, गरम असतानाच सोडावं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा धुवावं. अर्थात हे गॅस्केट शाबूत असताना करायचं. गॅस्केट गेलं असेल तर हेड उतरवून टाकीत बुडवूनच.

भेगा बुजवणारी पावडर किंवा "स्टॉप लीक"ची बाटली कुणी सुचवली तर नको म्हणा. मिनी ट्रॅक्टरच्या कोअरच्या नळ्या अरुंद असतात. भोकाच्या आधी त्याच बुजतात.

इंजिनिअरिंग वर्क्स

या सगळ्यात खरं कौशल्याचं काम इथे होतं. अडचण एवढीच की इथे सांगितलं तेवढंच करून देतात. "फेस मारून द्या" (हेडचा पृष्ठ तासून सपाट करा) म्हटलं तर फेस मारून मिळतो, तडा तपासला जात नाही. म्हणून काय सांगायचं ते माहीत असलं पाहिजे.

पहिलं मोजमाप. हेडच्या पृष्ठावर सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखाली फिलर गेज सरकवायचं. बहुतेक छोट्या डिझेल इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर हेड सरळ मानतात, ०.१० च्या वर गेलं तर फेसिंग लागतंच. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या मॅन्युअलची धरायची. हीच पट्टी ब्लॉकवरही फिरवा. हेड सरळ करून वाकड्या ब्लॉकवर बसवलं तर गॅस्केट त्याच जागी पुन्हा फुंकतं, आणि दोष गॅस्केटच्या कंपनीला दिला जातो.

दुसरं, फेसिंगच्या आधी तडा तपासणं. क्रम उलटा झाला तर तडकलेल्या हेडवर मजुरी वाया जाते. स्वस्त पद्धत रंगाची: लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसायचा, पांढरी पावडर फवारायची, तडा असेल तर लाल रेघ उमटते. खात्रीची पद्धत दाबाची: पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करून आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. गरम पाणी मुद्दाम, कारण काही तडे लोखंड प्रसरण पावल्यावरच उघडतात. तडा सहसा सीटांच्या मध्ये किंवा नोझलच्या भोकापाशी सापडतो. ओतीव लोखंडाला वेल्डिंग करता येतं, पण आधी संपूर्ण हेड तापवून आणि नंतर हळूहळू थंड होऊ देऊन. एवढी सोय तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच असते. छोट्या हेडच्या बाबतीत सीटांच्या मधला तडा वेल्ड करून घेण्यापेक्षा नवं हेड घेणं शहाणपणाचं.

तिसरं, फेसिंगनंतरचे परिणाम. हा भाग जवळपास कुणीच सांगत नाही. हेडचा पृष्ठ ०.२ मिलिमीटर खाली गेला की व्हॉल्व्ह तितकेच पिस्टनच्या जवळ येतात आणि नोझलचं टोक तितकंच जास्त बाहेर दिसतं. म्हणून व्हॉल्व्ह पृष्ठापासून किती आत बसले आहेत हे डेप्थ गेजनं पुन्हा मोजायचं आणि कमी पडलं तर सीट कापून खाली घ्यायची. नोझलखालचा तांब्याचा वॉशर ठरलेल्या जाडीचा हवा. आणि शेवटची खात्री म्हणजे शिशाची तार: पिस्टनच्या माथ्यावर दीड मिलिमीटर जाडीच्या तारेचे तुकडे ग्रीसनं चिकटवायचे, हेड पूर्ण टॉर्कला कसायचं, इंजिन हातानं एकदा फिरवायचं, हेड काढून चेपलेली तार मायक्रोमीटरनं मोजायची. पुष्कळ छोट्या इंजिनांत हे अंतर पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा कमी आलं तर जाड गॅस्केट लागतं. या तपासात वापरलेलं गॅस्केट पुन्हा वापरायचं नाही, म्हणून जुनंच, साफ करून, चाचणीपुरतं लावावं; ते नव्यापेक्षा चेपलेलं असतं, एवढा फरक हिशेबात धरावा.

व्हॉल्व्ह आणि गाइड तपासूनच घ्या. तापल्यावर सीट ढिली होऊन थोडी खाली सरकलेली असू शकते. लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) झाल्यावर हेड उलटं न करता पोर्टमध्ये डिझेल ओतून पाच मिनिटं ठेवा. व्हॉल्व्हच्या कडेनं पाझर दिसला तर काम अपुरं आहे. नोझल डिझेल पंपवाल्याकडे टेस्टरवर लावा. जास्त तापलेल्या नोझलची सुई अडकते, ती फवारा मारण्याऐवजी थेंब गाळते, आणि थेंब गाळणारं नोझल पिस्टनचा माथा जाळतं.

आता मोठा प्रश्न: फक्त हेडकाम की हाफ इंजिन (पिस्टन, रिंगा, लायनरसकट काम)? वाफ निघाली आणि चालकानं वेळेत बंद केलं असेल तर बहुधा हेडकामावर भागतं. इंजिन चालता चालता जड होऊन आपोआप बंद पडलं असेल तर पिस्टन बाहेर काढलाच पाहिजे. लायनरच्या भिंतीवर अ‍ॅल्युमिनियमचे चकाकते ओरखडे, पिस्टनच्या अंगावर उभे चरे, निळसर झालेल्या आणि ताण गेलेल्या रिंगा दिसल्या तर वरवर होनिंग (लायनर आतून घासणं) करून भागत नाही. डायल बोअर गेजनं लायनर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून घ्या आणि सहाही आकडे कागदावर मागा. नवी रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फिलरनं बघा. ८० मिलिमीटरच्या बोअरला ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. फट नसेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि लायनर पुन्हा ओरबाडला जातो.

लायनर बदलला तर त्याची वरची कडा ब्लॉकपेक्षा किंचित उंच राहिली पाहिजे, मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी. तीच उंची गॅस्केटला दाबून धरते. बैठकीत कचरा राहून एक लायनर जास्त उंच झाला तर त्याची कॉलर तुटते; खाली राहिला तर वायू निसटतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात तिन्ही लायनरांची उंची एकसारखी हवी, आणि ती डायल गेजनं मोजलेली हवी, बोट फिरवून ठरवलेली नव्हे.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर

इथे मॉडेलचं मॅन्युअल असतं, टॉर्क पाना असतो, सुटे भाग नेमक्या नंबरचे मिळतात आणि कामाची पावती असते. वॉरंटीत असलेला ट्रॅक्टर दुसरीकडे उघडूच नये. बाकी बाबतीत दोन गोष्टी लक्षात घ्या. हंगामात रांग लांब असते. आणि फेसिंग-बोअरिंगचं मशीन बहुतेक सेंटरकडे स्वतःचं नसतं. हेड बाहेरच्या वर्क्सलाच जातं. म्हणून "बाहेर कुठे पाठवणार, मोजमापाचा कागद मिळेल का," हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुरुस्त होण्यासारखं हेड असताना नवं हेड बसवायची शिफारस झाली, तर तडा दाखवा म्हणा. जुनं हेड परत मागा.

सामान

हेड गॅस्केट मूळ कंपनीचं किंवा त्याच जाडीचं नामवंत बनावटीचं घ्यावं. एकाच इंजिनाला दोन-तीन जाडींची गॅस्केट असू शकतात. कडेला खाचा किंवा भोकं करून जाडी दाखवलेली असते, जुन्याशी जुळवून घ्या. "टॉप" लिहिलेली बाजू वर. त्यावर शेलॅक, ग्रीस, सिलिकॉन काहीही नको, मॅन्युअलनं सांगितलं असेल तरच. पूर्ण किट घेतलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग, मॅनिफोल्डची पॅकिंगं, व्हॉल्व्ह सील आणि नोझलचे वॉशर बरोबर येतात. सुटं गॅस्केट घेऊन जुने वॉशर वापरण्यात वाचणारे पैसे नोझलच्या बुडातून गॅस निसटायला लागली की गेले.

कूलंट तयार मिश्रणाचं असेल तर त्यात पाणी घालू नका. घट्ट कूलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात, बहुधा निम्मं-निम्मं किंवा एकास दोन, डिस्टिल्ड पाण्यात. महाराष्ट्रात पाणी गोठायची भीती नाही म्हणून कूलंट अनावश्यक वाटतं; त्याचं इथलं काम गंज आणि क्षार रोखणं आणि उकळबिंदू वाढवणं हे आहे. बागेत पातळी कमी झाली तर टॉपअपला तेच मिश्रण हवं, म्हणून ट्रॅक्टरवर एक लिटरची बाटली ठेवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचा रेडिएटर आणि कूलिंग सिस्टिमच्या भागांवर जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. पक्कं बिल मागितलं तर हा फरक दिसतो.

जोडणी आणि ताबा

ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करून घ्या. आत पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट कसताना ते दाबलं जाऊन ब्लॉक फुटतो, शिवाय टॉर्क खोटा लागतो. आट्यांना ऑइलचा हलका हात, मग मधून बाहेरच्या क्रमानं, तीन टप्प्यांत: एकतृतीयांश, दोनतृतीयांश, पूर्ण. आकडा मॅन्युअलचा. लांबलेला किंवा मान बारीक झालेला बोल्ट परत लावू नका. टॉर्क पाना नसलेल्या ठिकाणी हे काम सोपवूच नये. अंदाजानं कसलेलं हेड एका बाजूला जास्त दबतं. मग टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट), आणि ज्या गॅस्केटला पुन्हा कसणं सांगितलं आहे तिथे पहिल्या गरम-थंड फेरीनंतर रीटॉर्क करून टॅपेट परत.

ऑइलमध्ये पाणी गेलं होतं तर नवं ऑइल-फिल्टर टाकून पंधरा-वीस मिनिटं चालवायचं, ते सोडायचं आणि पुन्हा नवं भरायचं. पहिल्यावर भागवलं तर संपच्या कोपऱ्यातला साका बेअरिंगांपर्यंत पोचतो. फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबल्यावर दहा-बारा मिलिमीटर झुकावा. पाणी भरताना झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत पातळी उतरते, तेवढी भरत जा. हवा अडकून राहिली तर पहिल्याच तासात हेड पुन्हा तापतं.

ताबा मोकळ्या ट्रॅक्टरवर घेऊ नका. वर्कशॉपच्या आवारातच ब्लोअर किंवा रोटाव्हेटर जोडून अर्धा तास ओझ्याखाली चालवून घ्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं वरचा आणि खालचा होज मोजा. दोन्हींत पाच ते दहा अंशांचा फरक आणि वरचा नव्वदच्या आसपास असेल तर काम जमलं. वरचा चढत चाललाय आणि फरक जेमतेम, तर पाणी फिरतंय पण हवा लागत नाही: जाळी, फॅन, फॅनभोवतीचं कवच बघा. फरक वीसच्या वर गेला तर पाणीच नीट फिरत नाही: पंपाचा इंपेलर, थर्मोस्टॅट, नाहीतर खालचा होज, जो आतून फाटला की शोषणाच्या दाबानं चपटा होतो आणि इंजिन बंद केलं की पुन्हा गोल दिसतो. हे बघताना इंजिन पूर्ण आरपीएमवरच हवं.

बागेत परतल्यावर पहिल्या पंधरा-वीस तासांत रोज सकाळी, थंड असताना, पाणी आणि ऑइल बघा. फवारणीच्या दिवशी दुपारी एकदा जाळी साफ करा, हवा फॅनच्या बाजूनं बाहेर, कमी दाबानं. समोरून जोरात मारली की कचरा पात्यांत आणखी खोल बसतो आणि पाती मुडपतात.